सिनेमाच्या चालीने देव बाटत नाही

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या वाड्यांवर एक वाद दरवर्षी ठरल्यासारखा उभा राहतो. तरुण मुलं एखाद्या आरतीला चालू सिनेमागीताची चाल लावतात, ती घुमट या मातीच्या वाद्यावर बसवतात, चार संध्याकाळी घासून घेतात. आणि मग वाड्यावरचं कोणीतरी जाणतं माणूस म्हणतं, "देवासमोर हे असलं नको." सप्ताहात, दिंडीत, रामनवमीच्या भजनात तोच वाद थोड्या वेगळ्या शब्दांत होतो. माझे ख्रिस्ती शेजारी सांगतात की त्यांच्याकडेही मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गिटार आणि ड्रम किती वाजावेत यावरून असेच दोन तट पडतात. तेव्हा हा प्रश्न एका धर्माचा नाही. लोकांच्या तोंडी असलेलं, बाजारात विकलं जाणारं संगीत देवाच्या कामी चालेल का, असा तो प्रश्न आहे.

मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे या वादात मी त्रयस्थ नाही. माझं मत सरळ आहे. लोकप्रिय संगीतामुळे अध्यात्म पातळ होतं ही समजूत चुकीची आहे. इतिहास तिच्या बाजूने नाही, आणि तिच्यामुळे खरी हानी नजरेआड राहते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या देवळांत आणि घरांत जे बिघडलं त्यात चालींचा दोष फार थोडा. गाणारी माणसं ऐकणारी झाली, ऐकणारी माणसं हळूहळू नुसती हजर राहू लागली, तिथे ते बिघडलं.

आधी चालींचं बघू.

संतांनी देवासाठी वेगळं सोवळं संगीत घडवलं नव्हतं. बायका जात्यावर ओव्या गात होत्या, ती ओवी ग्रंथात आली. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली तेव्हा वासुदेव, गोंधळी, जोगवा मागणारी, भविष्य सांगणारा जोशी अशी दारोदार फिरणारी माणसं आणि त्यांची गाण्याची ढब त्यांनी उचलली. त्या काळातलं लोकप्रिय संगीत तेच होतं. आपल्या बैठकीच्या भजनात देवाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या, म्हणजे रूपाच्या अभंगाने सुरुवात होते आणि पुढे गौळण येते. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायकांची वाट अडवणारा, त्यांची मडकी फोडणारा कृष्ण असतो. लाडिक तक्रार, रुसवा, छेडछाड सगळं त्यात आहे. ती सुरू झाली की पखवाजावरचा हात बदलतो, लय खेळकर होते, मागे टाळ धरून बसलेली माणसं सरसावून बसतात. कोणाही बुवाला त्यात वावगं वाटत नाही, आणि वाटू नयेच.

मग नाटक घ्या. गोव्यात जत्रा म्हणजे पालखी आणि पालखीनंतर रात्रीचं नाटक, हे समीकरण अजून पुरतं सुटलेलं नाही. आमच्याकडच्या भजनांतल्या ज्या चालींना आज पारंपरिक म्हणतात त्यांतल्या पुष्कळ संगीत नाटकांच्या पदांवरून आलेल्या आहेत. ती पदं तरी कुठून आली? १९११ सालच्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी संगीत दिलं, १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांनी. त्या काळातल्या पदांमागे ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या आणि ख्यालाच्या बंदिशी होत्या. कोठीवरची ठुमरी रंगभूमीवर पद झाली आणि रंगभूमीवरचं पद गोव्यातल्या देवळात अभंग झालं. अशा चालीवर एखादे सत्तरीतले बुवा डोळे मिटून गातात तेव्हा त्यांच्या आर्ततेत काडीची खोट नसते. तेच बुवा नातवाच्या चालीला मात्र बाजारू म्हणतात. दोन्ही चाली बाजारातूनच आल्या. एक शंभर वर्षांपूर्वी आली, दुसरी गेल्या वर्षी.

पंडित जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, जन्म १९२९ चा, घर देवळाशी आणि कीर्तनाशी बांधलेलं. ते मुंबईला गेले, आकाशवाणीवर काम केलं, १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून त्यांनी नाट्यसंगीताचं वळणच बदललं. त्याच गळ्याने अभंग गायले आणि सोहिरोबानाथ आंबिये यांची रचनाही गायली. सोहिरोबानाथ अठराव्या शतकातले, कुळकर्णीपण सोडून नाथपंथाला लागलेले. पेडण्या-बांद्याच्या पट्ट्यात त्यांची पदं भजनी मंडळांनी जिवंत ठेवली होती. पण हा नाथ रत्नागिरीतल्या, पुण्यातल्या घरांत शिरला तो तबकडीवरून आणि रेडिओवरून. म्हणजे यंत्राचं आणि बाजाराचं माध्यमही नेहमी अध्यात्माच्या मुळावर येतंच असं नाही. पुढे मी याच यंत्राबद्दल कडक बोलणार आहे, म्हणून हे आधी कबूल केलेलं बरं.

देवळाच्या बाहेर पडून बघितलं तरी चित्र तेच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आयुष्याचा बराच काळ दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला आणि त्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ साली राशोलला ते छापलं गेलं. ख्रिस्ताची कथा त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. त्याच्याजवळ लॅटिनची सगळी स्तोत्रं होती, युरोपातलं चर्चसंगीत होतं. पण समोर बसलेल्या साष्टीकरांच्या कानात ओवी होती, पोथी लावून ऐकायची सवय होती. जुनी पुराणं आमच्याकडून काढून घेतलीत, मग त्या जागी दुसरं काही तरी द्या, अशी मागणी ग्रंथाच्या आरंभीच येते. स्टीफन्सने ती मागणी ऐकली. चर्चमध्ये ओवी गायली जाऊ लागली. नवा देव जुन्या चालीवर बसून माणसांच्या घरात आला.

त्याच पोर्तुगीज राजवटीत १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढलं आणि नवख्रिस्तींच्या घरांतल्या हिंदू वळणाच्या रीतींवर, लग्नघरातल्या गाण्यावाजवण्यावरसुद्धा, बंदी घातली. ओवी चर्चमध्ये चालली, मांडवात नको झाली. कुठलं गाणं पवित्र आणि कुठलं निषिद्ध हे सूर ऐकून ठरत नव्हतं. ते ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे यावर ते ठरत होतं. आपल्या वाड्यावरच्या वादातही हे थोडं आहे, हे जाणत्या मंडळींनी मनाशी तपासून बघावं असं मला वाटतं.

आणि ज्या सिनेमासंगीतावर आपला एवढा राग आहे, त्याचं एक मूळ आपल्याच गोव्यातल्या चर्चच्या अंगणात आहे. पॅरिश शाळांत पोरांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथे तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईला गेले, हॉटेलांच्या जाझ बँडांत वाजवू लागले आणि मग स्टुडिओंत शिरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, ते त्यांतलेच. सेबास्तियन डिसोझांनी वर्षानुवर्षं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं. संगीतकाराने पेटीवर चाल सांगायची आणि गोव्याच्या माणसाने ती कागदावर उतरवून पन्नास वादकांत वाटायची, अशी ती रीत होती. प्रेमगीत असो की भजन, स्टुडिओत वादक तेच आणि वहीही तीच. साष्टीतल्या चर्चमध्ये मोतेत या भक्तिगीताला साथ करून तयार झालेला हात हिंदी सिनेमातल्या मंदिराच्या प्रसंगाला व्हायोलिन वाजवत होता. हे संगीत बाहेरून आलेलं, परकं, आपल्या संस्कारांवर चाल करून आलेलं आहे असं गोव्यात तरी कोणी म्हणू नये.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट वेगळीच. गोव्यातल्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या ज्या स्त्रिया गायल्या, पालखीपुढे गायल्या, उत्सवात गायल्या, त्यांना आपण काय दिलं? गाणं देवाच्या सेवेचं होतं तोवर ते पवित्र. गाणारी मात्र कलावंतीण, तिला गावात मान नाही, लग्न नाही, मुलांना बापाचं नाव नाही. तीच गायिका तोच राग दिवाणखान्यात गायली की गाणंही बाटलेलं. केसरबाई केरकर १८९२ साली केरीत जन्मल्या, आमच्याच फोंडा तालुक्यात. मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली कुर्डीत, जे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. या स्त्रियांनी किती अपमान गिळून ही विद्या मिळवली हे त्यांच्या समाजातली माणसं आजही सांगतात. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन यानं अंतराळात सोडली, त्यांवरच्या सोन्याच्या तबकडीत भारताचं एकच गाणं आहे, आणि ते केसरबाईंनी गायलेलं 'जात कहाँ हो' आहे. भैरवी. शब्दांनी बघाल तर ते भजन नाही. एकट्या निघालेल्या स्त्रीला कोणी विचारतं आहे, कुठे चाललीस. ती भैरवी एकदा शांतपणे, मध्ये काही न करता ऐका आणि मग मला सांगा की ते गाणं ऐहिक आहे की आध्यात्मिक. मला तर असं विचारणंसुद्धा तिथे लाज आणतं.

म्हणून पवित्र संगीताभोवती घातलेल्या कुंपणांवर माझा विश्वास नाही. त्या कुंपणांनी देवाचं रक्षण केल्याचं उदाहरण मला आठवत नाही. माणसांना बाहेर ठेवल्याची उदाहरणं पुष्कळ आठवतात.

मग देवासमोर काहीही चालेल का? लगेच हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. विरोध करणाऱ्यांचा सर्वांत चांगला मुद्दा असा, की सिनेमाची चाल एकटी येत नाही. ती पडद्यावरचा नाच, नटीचे हावभाव, मूळ शब्द सगळं सोबत घेऊन येते. तोंडाने विठ्ठल म्हणायचं आणि मनात पडदा चालू, याला भजन कसं म्हणायचं? हे मी स्वतः अनुभवलं आहे. पेटीवर बोटं फिरत असतात आणि मूळ गाण्याची ओळ जिभेवर येते. हा दोष खरा आहे, पण तो चालीला कायमचा चिकटलेला नाही. दहा-वीस वर्षांत सिनेमा विसरला जातो आणि चाल उरते, जशी नाटकांच्या बाबतीत उरली. दुसरं म्हणजे काही चालींत शब्द नीट बसत नाहीत. अभंगाचे चरण ओढूनताणून, अक्षरं तोडून कोंबावे लागतात, यमक भलत्याच जागी पडतं, अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. अशी चाल टाकून द्यावी. ती सिनेमाची आहे म्हणून नव्हे, तुकोबांच्या शब्दाला तिने जागा दिली नाही म्हणून. हा निर्णय मंडळाने तालमीत घ्यावा, गाता गाता. समितीने पत्रक काढून घेऊ नये.

ख्रिस्ती चर्चने हाच प्रश्न कसा हाताळला हे बघण्यासारखं आहे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी आदेश काढून चर्चमधल्या नाटकी गायकीला आळा घातला, पियानो आणि ढोल-झांजांसारखी वाद्यं वर्ज्य केली. साठ वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने भर दिला तो उपासनेत सगळ्या लोकांनी भाग घेण्यावर. लॅटिनच्या जागी कोकणी मिस आली, कोकणी गायनं आली, लोक गाऊ लागले. सूर सोपे झाले, काहींना ते उथळही वाटले. पण बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात गायनाचं पुस्तक आलं. कसोटी बदलली. कोणतं संगीत, यापेक्षा कोण गातं, हा प्रश्न वर आला. मला तीच कसोटी आपल्या देवळांना लावायची आहे.

लावून बघू. चवथीच्या आरतीपासून सुरुवात करू. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंना तोंड असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने चामड्यावर बोल काढायचे आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत, आता कायद्यामुळे बकऱ्याचं असतं. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने ते सैल पडतं, म्हणून आरतीआधी घुमट चुलीच्या धगीला धरतात आणि मधूनमधून टिचकी मारून कान देतात. शामेळ या काड्यांनी वाजवायच्या तालवाद्यावरचा गडी तयार असतो, पोरांच्या हातात कांसाळी, म्हणजे झांजा, असतात. गोव्यात आमचं घरातलं बोलणं कोकणी, पण या आरत्या मराठी. त्या लांब असतात, त्यांत लय वाढवत नेण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि एकट्याला त्या गाता येत नाहीत. एकजण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. जो चुकतो त्याला शेजारचा कोपराने ढोसतो. गणपतीच्या वर फळापानांनी सजवलेल्या माटोळीखाली दहा-पंधरा माणसं घामाने निथळत असतात, आवाज भसाडे असतात, आणि शेवटच्या दुगणीत घर हादरतं. सूर किती लागला हे तिथे कोणी विचारत नाही.

आता अशा घरांत गेल्यावर काय दिसतं? घुमट भिंतीला टांगलेलं असतं, चामडं सैल. कोणीतरी मोबाइल काढून छोट्या स्पीकरला जोडतो आणि एखाद्या प्रसिद्ध गायिकेच्या आवाजातली आरती लावतो. घरची माणसं टाळ्या वाजवतात, पहिलं कडवं पुटपुटतात, दुसऱ्या कडव्याला ओठ हलायचे थांबतात. आवाज सुरेल असतो, उच्चार शुद्ध असतात, चाल पूर्णपणे पारंपरिक असते. आक्षेप घ्यायला कोणाला जागाच नाही, आणि घेतही कोणी नाही. मला मात्र सिनेमाच्या चालीवर घसा फोडणारी ती वाड्यावरची पोरं या सुरेल शांततेपेक्षा देवाच्या शंभरपट जवळ वाटतात. त्यांनी चार संध्याकाळी दिल्या आहेत. एकमेकांच्या चुका सांभाळल्या आहेत. काहीतरी स्वतःच्या अंगातून बाहेर काढून देवासमोर ठेवलं आहे. मोबाइलवरच्या आरतीत घरातल्या कोणाचंच काही ठेवलेलं नाही.

रेकॉर्डिंगने आणखी एक केलं. वाड्यावाड्यांत एकाच आरतीच्या वेगळ्या चाली होत्या, काही ठिकाणी तर दोन घरांत दोन. तबकडीवर, मग कॅसेटवर, मग फोनवर एकच चाल घरोघर गेली आणि तीच खरी असं मुलांना वाटू लागलं. ज्या आजीला वेगळी चाल येत होती तिला नातवंडं म्हणाली, आजी, तुझं चुकतंय. मग आजी गायची थांबली. परंपरेची ही जी हानी झाली ती अत्यंत पवित्र, अत्यंत भक्तिपूर्ण रेकॉर्डिंगने केली. सिनेमाचा त्यात हात नव्हता.

सार्वजनिक उत्सवात यंत्र अधिक निष्ठुर होतं. देवळाच्या सप्ताहात भजन आत चाललेलं असतं आणि बाहेर चार दिशांना भोंगे. गावातल्या आजारी माणसाच्या खिडकीशी तो आवाज रात्रभर असतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम स्पष्ट आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक नाही. वर्षातले फार तर १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच म्हटलं आहे की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताही धर्म सांगत नाही. आपण हे नियम हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांना लावा म्हणतो, मोर्चे काढतो, आणि ते योग्यच आहे. तिथले लोक गेली कित्येक वर्षं झोपेसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहेत. पण आपल्या देवळाचा भोंगा रात्री साडेअकराला चालू असतो तेव्हा नियमाची आठवण काढणारा माणूस धर्मद्रोही ठरतो. हे मला मान्य नाही. पखवाजाला आणि पंधरा गळ्यांना सभामंडपात भोंगा लागत नाही. ज्याला ऐकायचं आहे तो आत येऊन बसेल, आणि आत येऊन बसला तर कदाचित टाळ हातात घेईल.

हणजूणचं नाव निघालं आहे तर त्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण संगीत आणि अध्यात्म म्हटलं की बाहेरच्या जगाला गोवा आठवतो तो तिथल्या किनाऱ्यामुळे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेहून गिल्बर्ट लेव्ही नावाचा तरुण आला, पुढे तो गोवा गिल म्हणून जगभर ओळखला गेला, २०२३ साली वारला. त्याने साधूंकडून दीक्षा घेतली होती आणि रात्रभर एका ठेक्यावर नाचत पहाटेपर्यंत जाणं हे त्याच्या लेखी ध्यान होतं. नव्वदच्या दशकात या संगीताला गोवा ट्रान्स हेच नाव पडलं. आपल्याकडे याची टिंगल होते. मला ती करावीशी वाटत नाही. एकच आवर्तन तासन्‌तास, लय चढत जाणं, शरीर थकल्यावर मन रिकामं होणं, आणि मग उजाडणं, हे ज्याने अखंड नामाची रात्र काढली आहे त्याला अनोळखी नाही. नाचणारा माणूस तिथे नुसता ऐकत नव्हता, अंगाने सामील होता. एवढ्यापुरता तो मला मोबाइलवरच्या आरतीपेक्षा बरा वाटतो.

पण दोन गोष्टी तिथे नव्हत्या. ज्या गावात हे चाललं होतं ते गाव त्यात नव्हतं. मासे मारायला पहाटे होडी लोटणाऱ्याला त्या ठेक्यात जागा नव्हती, फक्त त्याची झोप त्यात गेली. आणि सकाळनंतर त्या अनुभवाचं कोणावर काही देणं उरत नव्हतं. पुढे तर तिकिटं आली, प्रायोजक आले, आणि साधूंच्या खुणा सजावटीला उरल्या. डिसेंबर २०२३ मध्ये वागातोरच्या एका मोठ्या महोत्सवात नाच आणि दारूच्या गर्दीत पडद्यावर शंकराची प्रतिमा दाखवली म्हणून तक्रारी झाल्या. तक्रार करणाऱ्यांचं दुःख मला समजतं. त्या प्रतिमेकडे पाहून कोणी काही म्हणत नव्हतं, मागत नव्हतं, ती नुसती झळकत होती. पण आपल्या विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीमागे टेम्पोवर गणपती असतो तेव्हा त्याच्याशी तरी कोण बोलत असतं? तिथेही आपण तेवढंच दुखावलं जायला हवं.

याच्या उलट वास्कोचा सप्ताह आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शहरात प्लेग पसरला, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथला नारळ आणून अखंड भजन केलं, अशी त्याची कथा. तेव्हापासून श्रावणात दामोदराच्या देवळात चोवीस तास भजन चालतं. एक पथक उठण्याआधी दुसरं बसलेलं असतं, नाम तुटू द्यायचं नाही. बाहेर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, असते, खाजं असतं, खेळणी असतात, वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, येतात, गवयांच्या बैठका होतात. बाजार अगदी देवळाच्या पायरीला लागलेला. त्या बाजाराने भजनाचं काही वाकडं केलेलं नाही, कारण आत माळ गळ्यागळ्यांतून पुढे जाते. पहाटे तीनला बसणाऱ्या पथकात चांगला गवई असतोच असं नाही. त्याची तिथे गरजही नसते. कोणीतरी गात असणं एवढंच त्या रात्री पुरेसं असतं.

गाण्याने माणूस चांगला होतो असा माझा दावा नाही. सुंदर अभंग गाऊन घरी सुनेला छळणारी माणसं मी पाहिली आहेत. पण दहा माणसांबरोबर एका लयीत राहण्यासाठी स्वतःचा आवाज आवरावा लागतो, शेजाऱ्याचा ऐकावा लागतो, चुकल्यावर थांबून पुन्हा धरावं लागतं. हे रोज संध्याकाळी करणाऱ्या माणसाच्या अंगात काहीतरी मुरतं. त्याला साधना म्हणायला मला संकोच वाटत नाही. ती सिनेमाच्या चालीवर होते, नाट्यपदावर होते, ओवीवर होते. साउंड सिस्टीम भाड्याने आणून होत नाही.

तेव्हा माझं मागणं देवस्थान समित्यांकडे आहे आणि सरकारच्या कला-संस्कृती खात्याकडेही आहे. उत्सवाच्या खर्चात ध्वनियंत्रणेला आणि बाहेरच्या ऑर्केस्ट्राला जेवढी रक्कम जाते, तेवढी तरी गावातल्या पोरांना पखवाज, पेटी, घुमट शिकवणाऱ्या मास्तरांना मिळावी. बायकांच्या आणि मुलांच्या मंडळांना देवळात गाण्याची वेळ मिळावी, आणि ती दुपारची उरलीसुरली नको, आरतीनंतरची हवी. भजनी स्पर्धांत गुण देताना प्रमुख गायकाची तान मोजता, तसं मागच्या रांगेतले किती जण खरोखर गात होते हेही मोजा. रात्री दहानंतर देवळाबाहेरचा भोंगा बंद व्हावा, आणि हे पोलिसांनी येऊन सांगण्याआधी समितीने स्वतः करावं. मुलं कोणती चाल आणतात हा प्रश्न मग त्यांच्यावर आणि त्यांच्या मास्तरांवर सोपवा.

आमच्या गावच्या समितीची सभा चवथीआधी होईल. हे सगळं मी तिथे मांडणार आहे. ज्यांना पोरांची चाल खटकते त्या जाणत्यांनी सभेला अवश्य यावं, आणि त्यांना येत असलेल्या जुन्या चाली बसून शिकवायला किती संध्याकाळी देतील तेही त्याच सभेत सांगावं.